नकळत दिलेला आजार आणि दोषाचा प्रश्न

साथीच्या रोगात एकच माणूस रुग्णही असतो आणि वाहकही. तो एकाकडून घेतो, दुसऱ्याला देतो आणि हे देणेघेणे बहुतेक वेळा त्याच्या गावीही नसते. २०२० ते २०२२ या करोनाच्या काळात यातून एक जुना धर्मप्रश्न घरोघर उभा राहिला. आपल्या अंगात विषाणू आहे हे ज्याला ठाऊकच नव्हते, त्याच्यामुळे घरातले दुसरे माणूस दगावले, तर पहिल्याला दोष लागतो का? लागत असेल तर तो फिटतो कशाने? आणि लस उपलब्ध झाल्यावर 'मला कुठे ठाऊक होते' या उत्तराची किंमत बदलते का?

या प्रश्नाची चर्चा परिषदांमध्ये थोडी झाली आणि स्वयंपाकघरात, जिन्यात, फोनवर पुष्कळ झाली. टाळेबंदीतही ज्यांना कामावर जावे लागले, म्हणजे बेस्ट बसचे कंडक्टर, रुग्णालयातले वॉर्डबॉय, बँकेतले कारकून, सफाई कामगार, त्यांच्या घरी एक ठरलेला क्रम असे. चपला दाराबाहेर, कपडे थेट बादलीत, मोबाइल सॅनिटायझरने पुसलेला, आणि आंघोळ झाल्याखेरीज कोणाशी बोलणे नाही. दुधाच्या पिशव्या साबणाच्या पाण्याने धुतल्या जात, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली जाई, वर्तमानपत्र कित्येकांनी बंद केले. पुढे कळले की वस्तूंना हात लावून होणारी लागण थोडी होती. खरा धोका बंद खोलीतल्या हवेचा होता. ज्या गोष्टी निष्ठेने धुतल्या त्या बहुतांशी निरुपद्रवी होत्या आणि धुऊनपुसून झाल्यावर एका खोलीत बसून सगळ्यांनी घेतलेला चहा मात्र निरुपद्रवी नव्हता. काळजी घेतली, पण ती चुकीच्या जागी. अशा माणसाला निष्काळजी म्हणायचे की नाही, हा या प्रश्नाचा पहिला पदर.

लागण होते कशी, हे पाहिल्याशिवाय दोषाची चर्चा पुढे सरकत नाही. २००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा रुग्ण आजारी पडल्यानंतरच मुख्यतः संसर्ग पसरवत असे, त्यामुळे तापाचे रुग्ण वेगळे केले की साथ आटोक्यात येई. नव्या करोना विषाणूने हीच सोय काढून घेतली. शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत त्याला सरासरी पाच दिवस लागत; कोणाला दोन, कोणाला चौदा. आणि लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस तो पसरवू लागे. चीनमधल्या रुग्णांवरून एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा होता, की सुमारे ४४ टक्के लागण देणाऱ्याला लक्षणे येण्यापूर्वीच झालेली असते. कित्येकांना तर लक्षणे कधी आलीच नाहीत. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली तेव्हा झोपडपट्ट्यांतल्या सुमारे ५७ टक्के आणि इतर वस्त्यांतल्या सुमारे १६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली. त्यांतल्या बहुतेकांनी कधी स्वॅब दिलेला नव्हता. आपल्याला करोना होऊन गेला, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

घरातल्या निवाड्यात मात्र पुरावा म्हणून एकच गोष्ट धरली जाई: आधी पॉझिटिव्ह कोण आले. हा पुरावा लंगडा आहे. आईला बुधवारी ताप भरला आणि मुलाला शुक्रवारी, एवढ्यावरून आजार आईकडून मुलाकडे गेला असे ठरत नाही. मुलाला लागण आधी झाली असेल आणि लक्षणे दिसायला त्याला आईपेक्षा जास्त दिवस लागले असतील, तर मुलाने तो आईला दिलेला असू शकतो. दोघांनाही तिसऱ्याच, कधी आजारी न पडलेल्या माणसाकडून मिळालेला असू शकतो. विषाणूच्या जनुकीय क्रमाची तपासणी करूनसुद्धा एका घरातला क्रम दर वेळी लागत नाही. तरीही कामावर जाणाऱ्यावर बोट ठेवले जाई, नाहीतर नुकत्याच माहेराहून आलेल्या सुनेवर. पायगुण पाहण्याची जुनी खोड विज्ञानाचे शब्द पांघरून आली होती, एवढेच.

आणखी एक गोष्ट हा हिशेब बिघडवते. सगळे बाधित सारखा प्रसार करत नाहीत. हाँगकाँगमधल्या अभ्यासात सुमारे १९ टक्के बाधितांकडून ८० टक्के लागण झाल्याचे आढळले, तर दोन-तृतीयांशांहून अधिक बाधितांनी कोणालाच आजार दिला नव्हता. म्हणजे एकाच लग्नाला, सारखाच मास्क हनुवटीवर ओढून दोघे गेले, तर एकाच्या घरात काहीच घडत नाही आणि दुसऱ्याच्या घरात तेरावा घालायची वेळ येते. कृती एक, मन एक, परिणाम मात्र दोन टोकांचे.

कायद्याने या प्रश्नाचा फार थोडा भाग आपल्याकडे घेतला आहे. भारतीय दंडसंहितेच्या कलम २६९ मध्ये जीवघेण्या रोगाचा संसर्ग पसरण्याचा संभव असलेल्या हयगयीच्या कृतीला शिक्षा होती, कलम २७० मध्ये तीच गोष्ट दुष्टाव्याने केल्यास अधिक. भारतीय न्यायसंहितेत हीच तरतूद कलम २७१ आणि २७२ मध्ये आली. दोन्हीकडे करणाऱ्याला धोका ठाऊक असणे, निदान ठाऊक असायला वाव असणे आवश्यक धरले आहे. मुंबई इलाख्यातल्या प्लेगच्या वेळी, १८९७ मध्ये, केलेला साथरोग अधिनियम मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झाला. तो सरकारी आदेश मोडला का, एवढेच विचारतो. ज्याने आदेश मोडला नाही आणि ज्याला काही ठाऊक नव्हते त्याच्याबद्दल कायद्याला काही म्हणायचे नाही. पण रात्री झोप न येणारी माणसे बहुतांशी याच वर्गातली होती.

भारतीय परंपरांनी मात्र नकळत घडलेल्या हिंसेचा विचार बारकाईने केला आहे आणि त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत.

बौद्ध विचारात कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेतली पहिलीच गोष्ट चक्खुपाल नावाच्या अंध स्थविराची आहे. पावसानंतर तो चंक्रमण करत, म्हणजे येरझारा घालत, असताना त्याच्या पायाखाली पुष्कळ किडे मेले. इतर भिक्षूंनी तक्रार केली. बुद्धांनी त्यांना समजावले, की तुम्ही जसे त्याला किडे मारताना पाहिले नाही तसे त्यानेही किड्यांना पाहिले नाही. मारण्याची इच्छाच नसल्याने तो दोषी नाही. या न्यायाने लक्षणे नसलेला वाहक सरळ सुटतो. त्याला आपला विषाणू चक्खुपालाला किडे दिसावेत तितकाही दिसत नव्हता.

जैन आचार्यांना हे पुरेसे वाटले नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येत प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, हा मुख्य घटक आहे. कुंदकुंदाचार्यांनी प्रवचनसारात याचे टोक गाठले. जीव मरो की वाचो, बेसावध वागणाऱ्याकडून हिंसा झालीच. सावध वागणाऱ्याच्या हातून जीव मेला तरी त्याला त्या हिंसेचा बंध नाही. या एका विधानाने वरच्या लग्नातल्या दोघांचा निकाल लागतो. दोघेही सारखेच दोषी आहेत, ज्याच्या घरी काही घडले नाही तोसुद्धा. आणि दुधाच्या पिशव्या धुणारा, आपल्या कुवतीप्रमाणे सावध असल्यामुळे, निर्दोष आहे. स्थानकवासी आणि तेरापंथी साधू-साध्वी तोंडावर मुहपत्ती बांधतात ती याच विचाराने: आपल्या श्वासाने आणि बोलण्याने न दिसणाऱ्या जीवांना इजा होऊ नये म्हणून. साथीत मास्कचा उपदेश करणाऱ्या सरकारी जाहिराती बहुधा स्वतःच्या बचावाची भीती घालत होत्या. मुहपत्तीमागचे कारण उलट्या दिशेचे आहे, आणि साध्या कापडी मास्कच्या बाबतीत तेच अधिक अचूक होते, कारण असा मास्क बाहेरचे आत येण्यापेक्षा आतले बाहेर जाणे जास्त अडवतो.

धर्मशास्त्रकारांची वाट या दोहोंच्या मधली आहे. त्यांनी पापाचे कामकृत आणि अकामकृत, जाणून केलेले आणि न जाणता घडलेले, असे भाग पाडले. अकामकृताला प्रायश्चित्त हलके सांगितले, पण माफ केले नाही. ही भूमिका कथेच्या रूपात सर्वांच्या परिचयाची आहे. शरयूच्या काठी अंधारात घडा भरण्याचा आवाज ऐकून, तो हत्तीचा समजून, दशरथाने शब्दवेधी बाण सोडला आणि तरुण तापस मेला. मराठी घरांत तो श्रावणबाळ म्हणून ओळखला जातो. दशरथाला माणूस मारायचा नव्हता. पण न पाहता बाण सोडणे हा त्याचा शौक होता, आणि बेसावधपणा तिथेच होता. पुढचा भाग कीर्तनात सहसा घाईने उरकला जातो. दशरथ घडा घेऊन स्वतः त्या आंधळ्या आईबापांकडे जातो आणि काय घडले ते सांगतो. वाल्मीकींच्या कथेत पिता त्याला म्हणतो, की तू स्वतः येऊन सांगितले नसतेस तर तुझ्या मस्तकाची शकले झाली असती. न जाणता घडले म्हणून तू जिवंत आहेस. तरी पुत्रशोकाचा शाप चुकत नाही. न जाणणे भार हलका करते, स्वतः जाऊन सांगणे तो आणखी हलका करते, पण भार शून्यावर येत नाही.

सांगणे ही गोष्ट साथीत फार महत्त्वाची होती. अहवाल पॉझिटिव्ह आल्यावर गेल्या काही दिवसांत भेटलेल्यांना फोन करून कळवणे हाच त्यांच्या बचावाचा सर्वांत स्वस्त उपाय होता. पुष्कळांनी तो टाळला. इमारत सील होईल, दुकान बंद पडेल, मुलीचे जमत आलेले लग्न मोडेल, अशी कारणे होती आणि ती खोटी नव्हती. वस्तीत दशरथ व्हायला तयार असलेल्या माणसालाही लोक घडा घेऊन दारात येऊ देत नव्हते.

पाश्चात्त्य नीतिशास्त्रात याच गाठीला १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी हात घातला. विल्यम्सचे उदाहरण ट्रकचालकाचे आहे. त्याची काही चूक नसताना मूल गाडीखाली येते. रस्त्यावरच्या बघ्यांनाही वाईट वाटते, पण चालकाला जे वाटते ते निराळे असते. 'झाले' यापेक्षा 'माझ्या हातून झाले' याचे ते दुःख आहे. लोक त्याला तुझा दोष नाही असे सांगतात, आणि सांगावेच. मात्र तो लगेच 'खरंच, माझा दोष नाही' म्हणून हात झटकून मोकळा झाला तर त्याच लोकांना त्याच्याबद्दल शंका वाटू लागते. करोनात आईवडील गमावलेल्या मुलांना डॉक्टरांनी, मित्रांनी, समुपदेशकांनी हेच सांगितले: तुमचा दोष नाही. ते खरे होते आणि ते पुरत नव्हते. कारण त्यांची तक्रार दोषाची नव्हती. आपण कारण झालो, ही होती.

या जागी धर्मशास्त्रातली एक लहानशी कल्पना बाकी सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातल्या पाच वधस्थानांची, पंचसूनांची, यादी आहे: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. रोजचा स्वयंपाक करताना, झाडताना, पाणी भरताना या पाच ठिकाणी न दिसणारे जीव मरतातच. ग्रंथकार गृहस्थाला चूल विझवायला सांगत नाही. त्याला पापी म्हणून वाळीतही टाकत नाही. तो पाच महायज्ञ सांगतो: अध्ययन-अध्यापन, पितरांचे तर्पण, होम, भूतमात्रांना बली आणि अतिथीला अन्न. जगण्यातच दुसऱ्याची हानी मिसळलेली आहे, तेव्हा जगणाऱ्याने रोज काही परत करावे, असा हा हिशेब. तो गुन्ह्याचा नसून ऋणाचा आहे. गुन्हा एकाचा असतो आणि सिद्ध करावा लागतो. हे ऋण चूल पेटवणाऱ्या प्रत्येकाचे असते आणि कोणता जीव कोणाच्या केरसुणीखाली मेला याची चौकशी त्यात होत नाही. 'आणला कोणी' या प्रश्नाशिवाय जबाबदारीचा विचार करण्याची सोय या कल्पनेत आहे.

हीच मनुस्मृती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली, हे इथे बाजूला ठेवता येणार नाही. ज्या ग्रंथात पंचसूनांचा हा विचार आहे त्याच ग्रंथात जन्मावरून माणसाला अपवित्र ठरवण्याची व्यवस्थाही आहे, आणि साथीत समाजाने पहिल्यापेक्षा दुसरीचाच आधार अधिक सहजपणे घेतला. संसर्ग दोन माणसांच्या भेटीत असतो आणि काही दिवसांत संपतो. विटाळ माणसाला चिकटतो आणि संपत नाही. मार्च २०२० मध्ये परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर विलगीकरणाचा शिक्का मारला जाऊ लागला. लोकलमध्ये तो शिक्का दिसला की डबा रिकामा होई. गल्लीच्या तोंडाला पत्रे लागले. दारावर फलक आले. रुग्णांच्या घरावर असे फलक सरसकट लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले, तोवर पहिली लाट ओसरली होती. ज्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या त्याच परिचारिकांना घरमालकांनी खोली सोडायला सांगितल्याच्या बातम्या टाळ्यांच्याच आठवड्यांतल्या आहेत. दिल्लीच्या निजामुद्दीनमधल्या तबलिगी मेळाव्यानंतर तर एका अख्ख्या समाजावरच वाहकपणाचा ठपका आला. त्या संदर्भात परदेशी नागरिकांवर नोंदवलेले गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचे निकालात नोंदवले.

लस आली आणि प्रश्नाने कूस बदलली. १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली, १ मार्चला साठीच्या पुढचे, १ एप्रिलला पंचेचाळिशीच्या पुढचे आणि १ मेपासून अठरा वर्षांवरचे सगळे पात्र ठरले. कुंदकुंदांच्या भाषेत बोलायचे तर सावधपणाला आता एक ठोस कृती मिळाली. लस मिळत असून जो घेत नाही, त्याचे न जाणणे आधीच्या वर्षाइतके निरागस उरत नाही, असे अनेकांना वाटू लागले. पण 'मिळत असून' या दोन शब्दांतच सगळे अडकले होते. मे २०२१ मध्ये साठा नसल्याने महाराष्ट्राला १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण काही काळ थांबवून उपलब्ध मात्रा पंचेचाळिशीपुढच्या लोकांच्या दुसऱ्या डोससाठी वळवाव्या लागल्या. कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधले अंतर चार-सहा आठवड्यांवरून सहा-आठ आणि मग बारा-सोळा आठवड्यांवर गेले. लसीच्या नोंदणीसाठीच्या कोविन संकेतस्थळावर स्लॉट उघडे आणि मिनिटभरात भरून जाई. ज्याच्याकडे चांगला फोन, वेगवान इंटरनेट आणि इंग्रजीची सवय होती त्याचा नंबर लागे. शहरातली तरुण मंडळी गाडी काढून तालुक्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर जात आणि गावातली म्हातारी माणसे कट्ट्यावर बसून त्यांना रांगेत उभी पाहत. तरुणांनी नियम मोडला नव्हता. तरीही दुसऱ्याच्या वाट्याचे घेतले, हे त्यांतल्या काहींना कळत होते.

अपराधाच्या भावनेने लसीबरोबर नवी रूपे घेतली. दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, एप्रिल २०२१ मध्ये, केंद्रांवर गर्दी होती; वडिलांना घेऊन गेलेल्या मुलाला चार दिवसांनी त्यांना ताप आल्यावर प्रश्न पडे, की हा लसीचा ताप की रांगेतच लागण झाली? ज्याने गावातल्या अफवा ऐकून 'जरा थांबू, मग घेऊ' म्हटले आणि आई त्या आठवड्यात गेली, त्याची बोच वेगळी. आग्रहाने लस द्यायला लावली आणि विरळा का होईना, गंभीर दुष्परिणाम झाला, तर ती बोच आणखी वेगळी. करणारा आणि न करणारा, दोघांनाही परिणाम आधी ठाऊक नव्हता. वडिलांना घेऊन जाणारा हाती असलेल्या माहितीनुसार सावध होता. अफवेवर थांबणाऱ्याने माहिती असून ती घेतली नाही. फरक करायचा तर तो इथे करता येतो, मृत्यूच्या दाखल्यावरून नाही.

इतरांसाठी लस घ्या, हा युक्तिवाद सुरुवातीला भक्कम होता. पुढे डेल्टा आणि नंतर ओमायक्रॉन प्रकार आले, लस घेतलेल्यांनाही लागण होऊ लागली, आणि लस गंभीर आजार व मृत्यू टाळते, प्रसार मात्र मर्यादित प्रमाणातच अडवते हे स्पष्ट झाले. सक्ती मात्र याच काळात वाढत गेली. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच सामान्य प्रवाशांमधून प्रवेश मिळाला. नोव्हेंबरमध्ये औरंगाबाद जिल्ह्यात निदान एक डोस नसल्यास पेट्रोल आणि रेशन न देण्याचे आदेश निघाले. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की शरीरावरचा अधिकार घटनेच्या २१व्या कलमात येतो, कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. सार्वजनिक हितासाठी मर्यादा घालता येतात, पण लस न घेतलेल्यांकडून प्रसाराचा धोका घेतलेल्यांपेक्षा जास्त असल्याचे सरकारांनी दाखवलेले नसल्याने तेव्हाच्या मर्यादा प्रमाणशीर नाहीत. ऋणाच्या कल्पनेशी हे जुळते. अतिथीला जेवू घालणे हा यज्ञ आहे. पोलिसाने उभे राहून घालायला लावलेले जेवण यज्ञ राहत नाही. रेशन अडवून घडवलेल्या लसीकरणाने टक्केवारी वाढते, सावधपणा वाढतो असे म्हणवत नाही.

वसईत आणि गोव्यात कॅथलिकांपुढे याच प्रश्नाची निराळी बाजू आली. कोव्हिशील्डच्या उत्पादनात वापरलेली पेशीरेषा अनेक दशकांपूर्वी गर्भपात झालेल्या अर्भकाच्या पेशींपासून विकसित झाली होती. मग लस घेणारा त्या कृत्याचा भागीदार ठरतो का? २१ डिसेंबर २०२० रोजी व्हॅटिकनने काढलेल्या टिपणात उत्तर होते, की संबंध इतका दूरचा आहे की दुसरा पर्याय नसताना अशी लस घेणे नैतिकदृष्ट्या स्वीकार्य आहे. त्याच टिपणात लस ऐच्छिक असावी असे म्हटले आहे आणि त्याला जोडून एक अट घातली आहे: सद्सद्विवेकाच्या कारणाने जो नाकारतो त्याने इतर सर्व उपायांनी, आपल्याकडून संसर्ग पसरणार नाही याची पराकाष्ठा करावी. नाकारण्याचा हक्क मान्य, पण नाकारणाऱ्याचे ऋण माफ नाही. महाराष्ट्रातल्या लसविषयक वादांत दोन्ही बाजूंनी या वाक्याची दुसरी अर्धी बाजू फारशी ऐकू आली नाही.

मृत्यूनंतर हा भार उतरवण्याची नेहमीची वाट विधींची असते, आणि साथीत तीच अडली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या १५ मार्च २०२० च्या सूचना वाचल्या तर त्या वाटतात तितक्या कठोर नाहीत. पिशवीची चेन उघडून चेहऱ्याचे दर्शन घ्यायला, मंत्रपठणाला, पवित्र जल शिंपडायला परवानगी होती. अंघोळ घालणे, मिठी मारणे, चुंबन घेणे यांना मनाई होती. रक्षेपासून धोका नाही, अस्थी गोळा करता येतील, असेही त्यांत स्पष्ट लिहिले होते. प्रत्यक्षात स्मशानांत यातले पुष्कळ मिळाले नाही. घरचे विलगीकरणात, अग्नी पालिकेचे कर्मचारी किंवा स्वयंसेवक देत. मुंबई महापालिकेने ३० मार्चला धर्म कोणताही असो, सर्व करोनामृतांचे दहन करण्याचा आदेश काढला आणि त्याच दिवशी मागे घेतला. वांद्र्यात दफनाला रहिवाशांनी घेतलेली हरकत उच्च न्यायालयाने मे महिन्यात फेटाळली आणि सन्मानाने दफन होणे हा मृताचा हक्क असल्याचे सांगितले. धर्मशास्त्रात देह न मिळाल्यास पळसाच्या पानांची प्रतिमा करून विधी करण्याची सोय आहे, उशिरा कळल्यास उशिरा करण्याचीही आहे. काहींनी दशक्रिया व्हिडिओ कॉलवर केली, काहींनी टाळेबंदी उठल्यावर. हे विधी मृताच्या गतीसाठी आहेत. नकळत आजार दिल्याचे प्रायश्चित्त कोणत्याच स्मृतीत सांगितलेले नाही.

ते लोकांनी आपल्यापुरते शोधले. बरे झालेल्यांनी इतर रुग्णांच्या उपचारासाठी आपल्या रक्तातला प्लाझ्मा दिला; २०२० मध्ये लालबागच्या मंडळाने गणेशमूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाची शिबिरे घेतली. प्लाझ्मासाठी फोन करणाऱ्या अनोळखी माणसाला नाही म्हणणे जड जाई, विशेषतः ज्याच्या घरातले माणूस गेले होते त्याला. पण आयसीएमआरच्या चाचणीत या उपचाराने मृत्यू कमी होत नसल्याचे २०२० मध्येच दिसले आणि १७ मे २०२१ रोजी तो उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला. विल्यम्सच्या तर्काने पाहिले तर या दात्यांचे दैव दोनदा फिरले: नकळत दिलेला आजार लागू पडला आणि जाणूनबुजून दिलेले औषध लागू पडले नाही. चक्खुपालाला निर्दोष ठरवणाऱ्या न्यायाने मात्र परिणामावाचूनही हे दान दानच ठरते, आणि तर्पण पितरांपर्यंत पोचले का, हे कोणी मोजत नाही. त्याच मे महिन्यात, अठरा वर्षांवरच्यांचे लसीकरण सुरू होताना, रक्तपेढ्यांपुढे वेगळीच अडचण उभी राहिली. लस घेतल्यावर अठ्ठावीस दिवस रक्तदान करता येत नसे. ही मुदत नंतर चौदा दिवसांवर आली. शिबिरे बंद, रक्ताचा तुटवडा, म्हणून तरुणांना आवाहन झाले, की आधी रक्त द्या आणि मग लस घ्यायला जा. अनेकजण स्लॉट मिळण्याची वाट पाहत असताना रक्तपेढीत जाऊन रक्त देऊन आले.